अकरावा आयटम

आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप चालू व्हायच्या आधी खोकायचा. खरंच खोकायचा, एखाद्या बिडीवाल्या म्हाताऱ्यासारखा. मग घशात काहीतरी अडकल्यागत घुं, घुं, घुं, आणि मग एकदम मोकळा होऊन लांबलचक घूंऽऽऽ. हा आवाज मी तोंडाने काढायचो. जीभ टाळूला चिकटवायची, ओठ जरासे उघडे ठेवायचे आणि बाकी सगळं पोटातून. एका दुपारी शाळेतून आलो, जिन्यात कोणी नव्हतं, जिन्यात आवाजही मस्त घुमतो, म्हटलं काढून बघू.

वरपर्यंत धडाधड दारं उघडली. बादल्या आपटल्या, हंडे घासले गेले, नळ सोडले गेले. नळातून नुसती हवा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून खाली वाकून बघितलं तर मी गाल फुगवून उभा.

"मेल्या, तू होय! सगळे कपडे साबणात बुडवले मी!"

नालासोपाऱ्यात तेव्हा नवीन नवीन बिल्डिंगा झाल्या होत्या आणि पाण्याचं कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे कधी येणार, येणार का, कोणी विचारू नये. त्यामुळे पंपाचा आवाज काढणं हे देवळात चपला घालून जाण्यासारखं होतं. आईने मला पट्टीने बडवलं. आणि त्याच संध्याकाळी बी विंगच्या दादाने मला कट्ट्यावर बोलावून घेतलं.

दादा कॉलेजला होता. मी आठवीत. त्याला सगळेच दादा म्हणायचे, त्याच्यापेक्षा मोठेसुद्धा. सव्वीस जानेवारीला आमच्या कॉलनीची सत्यनारायणाची पूजा असायची आणि संध्याकाळी करमणुकीचे कार्यक्रम. त्याचं निवेदन दरवर्षी दादा करायचा. कोणाचं तरी लग्नातलं जॅकेट घालायचा, केसांना पाणी लावून मागे घ्यायचा आणि माईक असा धरायचा की जणू आईस्क्रीमचा कोन आहे आणि वितळतोय.

"पंप काढ," तो म्हणाला.

मी काढला. तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "च्यायला, तू एक आयटम आहेस रे."

ही स्तुती आहे की शिवी, मला कळेना. कारण आमच्या घरात आयटम वेगळा होता. बाबा वालीवला एका गाळ्यात प्रेस मशीनवर होते. मशीनमधून जे काही बाहेर पडायचं तो आयटम. "आज आयटम लय काढलो," नाहीतर "आज आख्खो आयटम रिजेक्ट." मी विचारायचो, "पण बाबा, आयटम म्हणजे असता काय?" बाबा म्हणायचे, "कसल्यातरी मशीनचो असता." कसल्या मशीनचा, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. आई घरी इमिटेशनचे दागिने ओवायची. मण्यांच्या पिशव्या घेऊन जी बाई यायची ती दारातूनच म्हणायची, "वहिनी, हा आयटम अर्जंट आहे हां." म्हणजे आईच्या मांडीवर मोरपिशी मण्यांचा ढीग. नाक्यावरच्या पोरांचा आयटम तर तुम्हाला माहीतच आहे, तो सी विंगमध्ये राहायचा, दोन वेण्या घालायचा आणि त्याचा भाऊ जवळपास असला तर तो शब्द गिळावा लागायचा. पूजेच्या मिटिंगमध्ये सेक्रेटरी काका विचारायचे, "अल्पोपहाराला किती आयटम ठेवायचे?" आणि समोसा, वेफर, पेढा यावर भांडणं व्हायची. शेवटी मी शाळेत इंग्रजीच्या सरांना विचारलं. सरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आयटम म्हणजे बाब." झालं. आता बाब म्हणजे काय, हे विचारायला मी काय मराठीच्या बाईंकडे जाऊ?

दादाने मात्र सोपं करून सांगितलं. "सव्वीस जानेवारीला तुझा आयटम ठेवू. स्टेजवर. एकट्याचा. दहा मिनिटं."

एकट्याचा! तोपर्यंत मी स्टेजवर फक्त एकदा चढलो होतो. कोळीनृत्यात, मागच्या रांगेत, आणि माझी होडी पुढच्याच्या पाठीला लागत होती.

दादाची एक पद्धत होती. प्रत्येक आयटम त्याला आधी दाखवायचा. लहान मुलींचे नाच तो गच्चीत बघायचा, पण माझी तालीम पंपरूममध्ये. "बाहेर केलंस तर सगळ्यांना आधीच कळेल, मग हसणार कोण?" पटलं मला. पंपरूममध्ये ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा वास. दादा रंगाच्या उलट्या डब्यावर बसायचा आणि मी त्या खऱ्या पंपाच्या शेजारी उभा राहून खोटा पंप काढायचो.

मग एकेक माणूस आणला. पहिले सेक्रेटरी काका. त्यांना 'काय आहे की' म्हटल्याशिवाय श्वास घेता यायचा नाही. "सर्व सभासदांनी, काय आहे की, नोंद घ्यावी, टँकर आज, काय आहे की, येणार नाही." मग कळंबहून मासळीची टोपली घेऊन येणारी मावशी, जी दर मजल्यावर शपथ घ्यायची: "ए बाय, घे गो, ताजा हाय, पानी पन नाय लावला त्याला." मग गासहून वांगी, अळू आणि केळीचे घड घेऊन येणारी म्हातारी. तिची घरची बोली मला अर्धीच कळायची, पण चाल पूर्ण पाठ होती. भाव सांगताना आवाज वर न्यायची आणि शेवटचा शब्द असा सोडायची की घेणारा नाही म्हणायच्या आत पिशवी उघडायचा. तिच्यासाठी मी शब्द वापरलेच नाहीत. नुसती चाल. दादा डब्यावरून पडला.

"थांब, थांब. परत कर. ते शेवटचं कुठून काढतोस? नाकातून?"

"नाकातून नाही दादा. घशातून. नाक नुसतं उघडं ठेवायचं."

"असं?"

"नाही, हे मांजर झालं."

दादा स्वतः करून बघायचा. आधी अगदीच येत नव्हतं त्याला. सेक्रेटरी काका काढायला जायचा आणि आमच्या भूगोलाच्या बाई निघायच्या. मी त्याला सुधारायचो. मला इतकं भारी वाटायचं म्हणून सांगू! कॉलेजातला दादा, ज्याच्यापुढे सगळी कॉलनी गप्प बसते, तो मला विचारतोय, जीभ कुठे ठेवू? त्यानेही मला शिकवलं, ते नाकारत नाही. "लोक हसायला लागले की तू बोलू नको. थांब. त्यांचं संपू दे. आणि स्वतः हसायचं नाही, दगड व्हायचं." आजही मी स्टेजवर उभा राहिलो की हेच करतो. चांगलं शिकवलं होतं त्याने. मीही चांगलं शिकवलं, हीच गोची झाली.

शेवटचा आवाज मी बरेच दिवस दाखवला नव्हता. तो आईचा होता.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकी मैदानाकडे. संध्याकाळी आई खिडकीतून हाक मारायची ती आख्ख्या कॉलनीचं घड्याळ होती. "मेल्याऽऽ, खय रवलंस रेऽऽ? भात निवलोऽऽ!" हे झालं मालवणी. पण तेवढ्यात शेजारच्या खिडकीत पुण्याकडच्या काकू येऊन उभ्या राहिल्या की आईचा आवाज एकदम इस्त्री केल्यासारखा. "ये हं बाळा, जेवायला बसायचंय ना आपल्याला?" आणि काकू आत गेल्या की खालच्या पट्टीत, दातांवर दात ठेवून, "येतंस काय येव मी खाली?" एकाच बाईचे तीन आवाज, एका मिनिटात. मला तर वाटतं माझी सगळी नक्कल तिच्याकडूनच आली आहे, फक्त ती करते हे तिला माहीत नाही.

पण त्या वर्षी हाक बंद झाली होती. दिवाळीनंतर बाबांचा गाळा बंद पडला. मालक आज उघडतो, उद्या उघडतो करत राहिला. बाबा सकाळी डबा घेऊन वालीवला जायचे, बंद शटरसमोर बसायचे आणि परत यायचे. आई दिवसभर मणी ओवायची. संध्याकाळी खिडकीशी यायचीच नाही. भात वाढून त्यावर ताट झाकायची, की केव्हाही ये आणि जेव. खाली पोरं म्हणायची, "काय रे, तुझ्या आईने आज हाक नाही मारली? खेळ अजून!" आणि मी खेळायचो, पण कधी थांबायचं ते कळायचं नाही.

ती हसतही नव्हती. पूर्वीही ती हसायची तेव्हा पदर तोंडाला लावायची, समोरचा एक दात तुटका होता म्हणून. पण हसायची तरी. आता पदर खांद्यावरच राहायचा.

म्हणून मला तिचा आवाज स्टेजवर करायचा होता. ती खाली बसलेली असणार, आणि वरून माझ्या तोंडून तिचीच हाक तिला ऐकू येणार. मी रात्री पांघरुणात तोंड घालून प्रॅक्टिस करायचो. माझा आयटम म्हणजे खरं तर तेवढाच होता. बाकी सगळे, काका, मावशी, पंप, हे म्हणजे समोशाच्या आधीचे वेफर.

दादाला दाखवला तेव्हा तो हसता हसता मध्येच डब्यावरून उठला. "अरे, हा तर टॉप आहे. हा शेवटी घे."

"दादा, कोणाला सांगू नको हां. आईला पण माहीत नाही. सरप्राईज आहे."

दादाने गळ्याची कातडी चिमटीत धरली. "आईशप्पथ!"

मग म्हणाला, "परत कर. ती काकू आल्यावर आवाज कुठे बदलतो, ते नीट बघू दे."

मी परत केला. चार-पाचदा केला. बघून घे म्हटलं नीट.

पूजेच्या दिवशी ए आणि बी विंगच्या मध्ये मांडव. सकाळी पूजा, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, संध्याकाळी सात वाजता दादा जॅकेटमध्ये. माझा नंबर अकरावा. मी बाबांचा फुलशर्ट घातला होता, गुडघ्यापर्यंत, कारण त्याच्यातच मला काका, मावशी, सगळे व्हायचं होतं. हातात टोपली, खाली बादली. स्टेजच्या बाजूला बांबूला टेकून उभा. माझ्याबरोबर माझा बेंचवरचा मित्र, त्याचं काम टोपली धरायचं.

आई समोर ताडपत्रीवर, बायकांमध्ये. तिला यायचंच नव्हतं, "माळा अर्ध्यार आसत" म्हणत होती. मी हातापाया पडून आणली होती. बाबा मागे, उभ्या माणसांत.

चार आयटम नीट झाले. पाचवा रेकॉर्ड डान्स होता आणि मुली पोझ घेऊन उभ्या राहिल्या तोच टेपने कॅसेटची रीळ खाल्ली. साऊंडवाला पेन्सिल घालून गुंडाळत बसला. मुली पोझमध्येच, एकीचा हात दुखायला लागला. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. दादा पुढे आला.

"सर्व सभासदांनी, काय आहे की, नोंद घ्यावी. कॅसेट, काय आहे की, टँकरमधून येत आहे."

मांडव फुटला. सेक्रेटरी काका पहिल्या रांगेत खुर्चीवर होते, तेसुद्धा पोट धरून. माझ्या मित्राने मला कोपराने ढोसलं.

"अरे, हे तर तुझं!"

"पब्लिक गरम करतोय," मी म्हणालो. "माझ्यासाठी."

आणि मला तसंच वाटलं होतं, खरं सांगतो. वाटलं की आता तो म्हणेल, हे बघा, हे करणारा पोरगा अकराव्या नंबरला येतोय, थांबा. मला तर गुदगुल्या होत होत्या. माझे काका, एवढ्या मोठ्या स्पीकरमधून!

त्याने माझं नाव घेतलं नाही. कॅसेट लागली, डान्स झाला. सहावा आयटम फॅन्सी ड्रेस होता. तो संपल्यावर काही अडलं नव्हतं, साऊंडवालाही तयार होता. तरी दादा पुढे आला आणि कळंबच्या मावशीने शपथ घेतली. पानी पन नाय लावला त्याला. पहिल्या रांगेच्या टोकाला सी विंगची ती दोन वेण्यावाली बसली होती. तिने मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकून हसायला सुरुवात केली. मग मला कळलं दादा कोणाकडे बघून बोलतोय ते.

सातव्यानंतर गासची म्हातारी, नुसती चाल, शब्द नाहीत. शेवटचा सूर घशातून. नाक उघडं. एकदम करेक्ट.

आठव्यानंतर पंप. त्याने माईक तोंडाला चिकटवून काढला, आधी खोकला, मग घुं, घुं, आणि मग असा सोडला की बायका सवयीने उठल्याच. दोन जणी तर चप्पल शोधायला लागल्या. मग लोकांचं जे हसणं सुरू झालं ते थांबेना. आणि दादा, दगड. थांबून राहिला. त्यांचं संपू दिलं.

मी स्टेजच्या मागे पळालो. तो पाणी प्यायला आला होता. मी त्याचं जॅकेट धरलं.

"दादा, माझ्यासाठी काय ठेवलंस?"

"अरे, गॅप भरतोय. तो साऊंडवाला टाईम खातोय, दिसतंय ना तुला?"

"त्यात सगळं माझंच केलंस."

"तुझा आयटम आहे ना पुढे. कोणी कॅन्सल केला?"

"पण त्यात तेच आहे सगळं!"

"मग नवीन काढ. तुला काय, तू जन्मताच आयटम." त्याने माझ्या गालावर थोपटलं. हात गार होता, ग्लासामुळे. "आणि कॉलनीचा कार्यक्रम आहे बाळा. तुझं-माझं काय असतं त्यात?"

"आईचं नको करूस हां."

"येडा आहेस काय?" दादा म्हणाला. ग्लास माझ्या हातात दिला आणि पुढे गेला.

नववा आणि दहावा, दोन्ही आयटम गाण्याचे होते. मी रिकामा ग्लास धरून बांबूशी उभा राहिलो. ऐकू काही येत नव्हतं. मनातल्या मनात म्हणत होतो, ठीक आहे, आई तर आहे. आईचंच करेन. दहा मिनिटं आईच करेन. तिला तेवढंच तर ऐकवायचं होतं. बाकीचं घे तू, खा.

दुसरं गाणं संपलं. टाळ्या पडल्या. आणि पहिल्या रांगेच्या टोकावरून ती मुलगी तोंडाला हातांचा कर्णा करून ओरडली, "दादा, अजून एक! अजून एक नक्कल!"

दादाने एकदा माझ्याकडे बघितलं. फार नाही, माश्या हाकलतो तेवढंच. मग वर तिसऱ्या मजल्याकडे बघत, एक हात खिडकीच्या गजावर ठेवल्यासारखा करून,

"मेल्याऽऽ, खय रवलंस रेऽऽ? भात निवलोऽऽ!"

दादा मालवणी नव्हता. दादाच्या घरी कोणी मालवणी बोलत नव्हतं. तो 'निवलो' मी त्याच्या तोंडात बसवला होता, पंपरूममध्ये, पाच वेळा.

मग काकू आल्या. "ये हं बाळा, जेवायला बसायचंय ना आपल्याला?" मग काकू गेल्या. मग दातांवर दात.

लोक हसत होते पण मी लोकांकडे बघत नव्हतो. मी आईकडे बघत होतो. तिने आधी इकडेतिकडे बघितलं, कोणी हाक मारली असं. मग शेजारच्या बायकांनी तिला हलवायला सुरुवात केली, "अहो, तुम्हीच, तुम्हीच!" आणि आई हसली. पदर लावायचा विसरली. तो तुटका दात सगळ्या मांडवाला दिसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मांडीवर हात आपटत, आणि शेजारच्या पुण्याकडच्या काकू तिच्या गळ्यात पडून हसल्या. मागे उभे असलेले बाबासुद्धा हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मला जे बघायचं होतं तेच सगळं मला दिसलं. काहीसुद्धा कमी नव्हतं. फक्त मी खाली होतो आणि माईक त्याच्याकडे.

"आणि आता," दादा म्हणाला, "अकरावा आयटम!"

मी चढलो. खरं तर चढायला नको होतं. पण बाबांचा शर्ट घालून तयार झालेला माणूस जाणार कुठे? मी माईकसमोर उभा राहिलो, माईक माझ्या कपाळाला लागत होता, साऊंडवाल्याने येऊन खाली केला. मी म्हणालो, "सर्व सभासदांनी, काय आहे की..."

"हे झालं!" मागून कोणीतरी.

मी टोपली डोक्यावर घेतली. लहान पोरं ओरडली, "दादाची कॉपी! दादाची कॉपी!" मी पंप काढला. खोकल्यापर्यंतच गेलो. कोणीतरी मागे तोच खोकला काढला, दुसऱ्याने, तिसऱ्याने. आता सगळ्यांना येत होता. मला वाटलं दादाचीच नक्कल करावी. सगळ्यांची केली, याची करू. आणि तोंड उघडल्यावर लक्षात आलं की दादाचा आवाज मी कधी काढलाच नव्हता. कधी मनातच आलं नव्हतं. त्याचं काय धरायचं, कुठून सुरू करायचं, काही सापडेना.

आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. मला बघून तिने पदर तोंडाला लावला होता, लाजेने, माझ्यासाठी. ओठ हलवून काहीतरी सांगत होती. मला वाटतं, 'ये खाली' म्हणत होती.

मी "जय हिंद" म्हणालो आणि उतरलो.

बक्षीस समारंभात प्रत्येकाला काहीतरी मिळायचंच, मला कंपासपेटी मिळाली. ती दादाच्याच हातून, माईकवर. "आमचा छोटा कलाकार. अजून शिकतोय. टाळ्या होऊ द्या!" टाळ्या झाल्या. दादाने वाकून माझ्या कानात म्हटलं, "नर्व्हस झालास रे. होतं पहिल्यांदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मणी ओवत बसली होती. गुणगुणत होती. मी समोर बसून तिला रंगाप्रमाणे मणी वेगळे करून देत होतो.

"किती हसलंय मी काल," ती म्हणाली. "पोट दुखता अजून. काय करता रे तो झील! माका वाटला मीच वर खिडकीत आसय. मगे हय खाली बसलंय ती कोण?" स्वतःच परत हसली. "आमच्या मालवणाक कधी गेलो काय रे तो?"

"नाय."

"मग इतक्या बरोबर? ह्येका म्हणतत देणगी." सुईत दोरा घालताना तिने माझ्याकडे बघितलं, मायेने बघितलं, त्यामुळेच जास्त लागलं. "तुका जमतला काय रे तसा? तू पण करतस मा थोडाथोडा? जा, त्याच्याकडे शिक जरा."

मी तोंड उघडलं होतं. सगळं सांगायला. पंपरूम, रंगाचा डबा, आईशप्पथ, सगळं. पण ती एवढ्या दिवसांनी गुणगुणत होती. आणि सांगून काय झालं असतं? तिला ती हाक परत पहिल्यांदा थोडीच ऐकता आली असती?

"मोरपिशी संपले," मी म्हणालो.

नंतर मी बऱ्याच स्टेजवर चढलो. शाळेच्या गॅदरिंगला, मग कॉलेजला, गणपतीत दुसऱ्यांच्या कॉलनीत. लोक विचारतात, आयटम काय आहे तुझा? मी सांगतो आणि करतो. आईचा आवाज मात्र कुठे केला नाही. दादाने करायचा सोडला नाही. तो पुढे लग्नांतही निवेदन करायला लागला आणि जिथे लोक कंटाळले तिथे आमची खिडकी उघडायचा.

पण ते नंतरचं. त्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मैदानात खेळत होतो. अंधार पडायला आला होता. आणि वर तिसऱ्या मजल्यावर खिडकी वाजली.

"मेल्याऽऽऽ, खय रवलंस रेऽऽऽ?"

पोरं थांबली. मीही थांबलो. हाक आली होती. दिवाळीनंतर पहिली. पण ती पूर्वीची नव्हती. पूर्वी आई एवढं लांबवायची नाही, आणि 'रे' ला असा झोका द्यायची नाही. तो झोका मी घातला होता. पांघरुणात तोंड घालून मीच बसवला होता, स्टेजवरून शेवटच्या माणसाला ऐकू जावा म्हणून. आई तो मुद्दाम देत होती. एक हात गजावर, अगदी स्टेजवरच्यासारखा. शेजारच्या खिडकीत काकू मुद्दाम येऊन उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या, आणि आईने लगेच "ये हं बाळा" केलं. खालच्या-वरच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. सगळे हसत होते.

कट्ट्यावर दादा बसला होता. तो वर बघून ओरडला, "काकी, एक नंबर! एकदम माझ्यासारखं!"

आईने खिडकीतून त्याला हात केला.

"शिकव रे ह्येका पण!" ती ओरडली.

दादा माझ्याकडे वळला. "चल," तो म्हणाला, "जा वर. भात निवलो."

मी गेलो. भूक लागली होती.